दक्षिणेचं गोमुख

माझं निम्मं आयुष्य एका गोमुखावर उभं आहे. भाटघरच्या पाण्यात वर्षातले दहा महिने बुडालेलं एक महादेवाचं देऊळ आहे, त्याचं गोमुख. अभिषेकाचं तीर्थ गोमुखातून उत्तरेला वाहून जातं, ही रीत. इथलं मात्र दक्षिणेला. तेराव्या शतकातल्या एका वेगळ्याच कारागीर-घराण्याचा हा पुरावा, असं मी तीस वर्षांपूर्वी ठासून लिहिलं. डॉक्टरेट, प्राध्यापकी, पुस्तक, सगळं त्यावरच मिळालं. आता पुस्तकाची नवी आवृत्ती सोमवारी छापायला जायची होती. एक चांगला फोटो हवा म्हणून भर मे महिन्यात भोरहून निघाले.

यंदा पाणी फारच खाली गेलं होतं. उत्तरेची भिंत कधी नव्हे ती तळापर्यंत गाळातून मोकळी झाली होती, आणि तिच्यात एक भोक होतं, चौकोनी दगडाने नीट बुजवलेलं. मी टेप लावली, माप गोमुखाचंच निघालं.

पायरीवर अंबूबाई बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या. दर उन्हाळ्यात वरच्या गावातून देवळातला गाळ काढायला येतात.

"हे भोक कसलं हो?"

"गोमुखाचं. आदी तिकडंच व्हतं."

"मग फिरवलं कुणी?"

"माज्या सासऱ्यांनी. पाथरवट व्हते. धरण झालं, गाव वर गेलं, मग देवाची वाट झाली उत्तरंकडनं. येताजाता तीर्थ वलांडायचं व्हय? देऊळ काय हलत न्हाई, म्हून गोमुखच फिरवलं."

तीर्थ ओलांडू नये, हे मला काय माहीत नव्हतं? त्यावर पुस्तकात चांगली बारा पानं आहेत. पण माणसं देवळाकडे येतात कुठून, हे बघायचं कधी सुचलंच नाही.

"मला आधी का नाही सांगितलंत?" मी चिडूनच विचारलं.

"तुमी कदी इचारलं? टेप लावताय, फोटू काढताय, जाताय."

लाज वाटली. गुडघ्यांवर बसून बुजवलेल्या दगडाचा सांधा चाचपला. नखसुद्धा शिरेना. इतक्या चांगल्या हाताने आपल्याला फसवलं, याचा खरं सांगते, आनंदच झाला. तिथूनच प्रकाशकांना फोन लावला आणि छपाई थांबवली.

मग वही काढली. जन्मभर 'अज्ञात कारागीर' लिहून कंटाळले होते. "त्यांचं नाव काय?"

अंबूबाईंनी पदर पुढे ओढला. "सासऱ्याचं नाव सून घेती का कुठं?"

"तुम्ही नाही सांगितलं, तर आता कोण सांगणार?"

त्या उठल्या, माझ्याकडे पाठ करून गाभाऱ्यासमोर हात जोडले आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "म्हादेवा, तुजं गोमुख गेनू पाथरवटानं फिरवलंय. ध्यानात ऱ्हाऊ दे."

मी लिहून घेतलं.