ओन्नीच्या हत्यारांची भिंत

ओन्नी कोस्कीला माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायची सवयच नव्हती. तुम्ही काही विचारा, हा तुमच्या खांद्यावरून पलीकडे बघत उत्तर देणार. जणू तुमच्या मागे कुणी जास्त महत्त्वाचा माणूस उभा आहे. अमेरिकेतल्या सुपीरियर तळ्याच्या या गारठलेल्या काठावर आम्ही सगळे फिनलंडहून आलेल्या खाणकामगारांची नातवंडं. कमी बोललेलं आम्हाला चालतं. नाही बोललात तर अजून बरं. पण शिष्टपणा? तो नाही चालत.

सुतार मात्र असा, की बोट ठेवायला जागा नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या खुर्च्या त्यानेच केलेल्या. खोड काढायची म्हणून मी त्यांच्या सांध्यांत नख घालून बघितलं होतं. नख शिरलं नाही. मग मला त्याचा आणखी राग आला.

त्याच्या गॅरेजमध्ये एक भिंत होती, जाड पाइनच्या फळ्यांची. तिच्यात प्रत्येक हत्याराच्या आकाराची खोबण कोरलेली. करवतीला करवतीची, रंध्याला रंध्याची, पटाशीला पटाशीची. हत्यार आपापल्या खोबणीत ठेवलं की बरोब्बर बसायचं, खाली पडू नये म्हणून एक लाकडी खुंटी. दुसऱ्याची खोबण कुणाला लागू पडायची नाही.

"ओन्नी," मी एकदा म्हटलं, "हातोडीला पाळणा केलास, आता अंगाई पण म्हण."

तो माझ्या कानाच्या दिशेने बघत म्हणाला, "शांत झोपते ती. तुझ्या हत्यारांसारखी हरवून गाव जागं नाही करत."

ते खरं होतं. मी चाळीस वर्षं सरकारी गाडीने रस्त्यांवरचा बर्फ बाजूला सारला आणि चाळीस वर्षं एकच घोकत आलो, निवृत्त झालो की सुतारकाम. उन्हाळ्यात लोक अंगणात जुनं सामान विकायला मांडतात, तिथून दर शनिवारी काहीतरी उचलून आणायचं. गंजलेला रंधा, बिनमुठीची कानस, दात पडलेली करवत. ते सगळं गॅरेजमध्ये कॉफीच्या डब्यांत आणि बादल्यांत कोंबलेलं. मला एक होडी करायची होती. लहानशी, दोन वल्ह्यांची, मी आणि माझी बायको लेम्पी मासे धरायला बसू एवढीच. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

आणि मग डोळे. दोन्ही डोळ्यांचा मध्यभागच गेला. जिथे बघावं नेमकं तिथेच कॉफी सांडल्यासारखा डाग. डॉक्टरीण गोड बोलून म्हणाली की तो डाग वाढत जाणार, थांबवता येईल असं सांगवत नाही. गाडीचा परवाना गेला. बायको गाडी चालवणार आणि मी शेजारी बसून सूचना देणार, असं आयुष्य सुरू झालं. सुतारकाम आता नाही तर कधीच नाही, हे मला लख्ख कळत होतं.

"वरातीमागून घोडं!" लेम्पी म्हणाली. "डोळे होते तेव्हा डबे भरलेस. आता डोळे चालले तर हा करवत शोधतोय."

"तू गप गं."

"आणि बोलताना माझ्याकडे बघ, आर्वो. फ्रिजशी काय बोलतोस?"

एप्रिलमध्ये बर्फ वितळता वितळता ओन्नी गेला. झोपेतच गेला, कुणाला त्रास न देता. साइमा, त्याची बायको, घर विकून डुलुथ शहरात मुलीकडे जाणार असं कळलं. आणि खोटं कशाला बोलू, त्याच्या अंत्यविधीची प्रार्थना चालू असताना मी मनात त्या भिंतीवरच्या पटाश्या मोजत होतो.

पण मागायचं कसं? आमच्याकडे कुणी काही मागत नाही. कॉफीचा दुसरा कप हवा असेल तरी आधी दोनदा नाही म्हणायचं. मी साइमाच्या दारचा बर्फ काढला, तिच्या छपराची पन्हळ साफ केली, सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीची, लाकडं फोडून रचून दिली. हत्यारांचा शब्द काढला नाही. तीही दर वेळी कॉफी द्यायची, वेलची घातलेला निसु पाव पुढे करायची आणि काही म्हणायची नाही.

जूनमध्ये एका रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला ती म्हणाली, "गुरुवारी एक जुन्या वस्तूंचा व्यापारी ट्रक घेऊन येतोय. ओन्नीचं सगळं नेतो म्हणाला."

मी म्हणालो, "बरं झालं."

टेबलाखालून लेम्पीने अशी लाथ घातली की कॉफी सांडली. "बरं काय झालं, कपाळ?" ती सगळ्यांसमोर ओरडली. "साइमा, याला हवीत ती हत्यारं! एप्रिलपासून जीव टांगणीला लागलाय याचा, रात्री झोपेत रंधा मारतो!"

मला वाटलं धरणी दुभंगावी. साइमाने कप बशीत ठेवला. "त्याच्या तोंडाने सांगू दे की."

सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. मी म्हणालो, "हवीत."

"मग ने. तोंड उघडायला किती वेळ लावलास रे बाबा!"

व्यापाऱ्याला नको सांगितलं. लेम्पीने पिकअप आणली, आम्ही खोकी भरली. भिंत उघडी पडली, नुसत्या खोबणी उरल्या. साइमा दारात उभी होती. म्हणाली, "भिंत नाही का नेत?"

"भिंत घेऊन काय करू? मी दुकानातून भोकांचा पत्रा आणलाय, हत्यारं टांगायला आकडे आणलेत. एकदम व्यवस्थित लावणार."

"बघ बाबा," ती म्हणाली. "रविवारी मी जाणार. तोवर आहे ती इथे."

मग मी कामाला लागलो. काय थाट केला म्हणून सांगू! पांढरा पत्रा, त्याला चकचकीत आकडे, करवती एका ओळीत, रंधे एका ओळीत, पटाश्या लहानापासून मोठ्यापर्यंत. एवढा मोठा सुतार, पण पटाश्यांच्या मुठी जागोजागी कुरतडलेल्या. बोटाला बारीक बारीक खाचा लागत होत्या. म्हटलं, उंदीर! भिंतीचे एवढे लाड आणि मुठी उंदरांच्या तोंडी! पॉलिश पेपर घेतला आणि एकेक मूठ घासून गुळगुळीत केली, वर जवसाचं तेल दिलं. लेम्पी आत आली आणि दारातच थबकली.

"अगं बाई! हे आपलंच गॅरेज?"

तेवढं एक वाक्य ऐकायला मी चाळीस वर्षं थांबलो होतो.

दुसऱ्या दिवशी होडीच्या पहिल्या फळीला हात घातला, आणि सगळं मुसळ केरात. पटाशी हवी तर कुठली कुठली? रांगेतल्या दोन-दोन, तीन-तीन सारख्याच वाटायच्या. प्रत्येक उचलायची, खिडकीशी न्यायची, मान तिरकी करून बघायची, चुकीची निघाली की परत. परत ठेवताना आकडा सापडायचा नाही. पत्र्यावरून हात फिरवला तर करवतीचे दात लागले आणि बोट फाटलं. शनिवारी दुपारी मी लाकडी मोगरी फेकली. ती कॉफीच्या डब्यांवर जाऊन आदळली आणि खिळे सगळीकडे उडाले.

मी तिथेच बसलो. रडलो म्हणा ना, कोण बघतंय. होडी होणार नव्हती. मी उशीर केला होता, बस.

थोड्या वेळाने लेम्पी झाडू घेऊन आली आणि खिळे गोळा करू लागली. तिलाही तेच वाटत असावं.

साइमा उद्या जाणार होती. म्हटलं, तिला सांगावं, त्या व्यापाऱ्याला बोलव, माझ्याच्याने होत नाही. चालत तिच्या घरी गेलो. ती आत सामान बांधत होती, म्हणून मी आधी गॅरेजमध्ये शिरलो. शेवटचं एकदा बघावं, एवढंच. मागच्या बाजूला अंधार होता. दिव्याचं बटण शोधलं, सापडलं, दाबलं. काही नाही. वर बघितलं, तर दिव्याची जागा होती, दिवा नव्हता. जाळं होतं तिथे, जुनं, जाड. म्हणजे ओन्नी मेल्यावर काढलेला दिवा नव्हता तो. कित्येक वर्षांत तिथे दिवा लागलाच नव्हता.

लोक म्हणायचे, ओन्नी कंजूष आहे, अंधारात काम करतो. मीही म्हणायचो.

मी भिंतीला हात लावला. बोटं आपसूक खोबणीत उतरली. ही करवतीची. तिच्याखाली हातभर अंतरावर रंधा. रंध्याच्या उजवीकडे, हात नुसता खाली सोडला की येईल तिथे, पटाश्यांच्या खोबणी. आणि प्रत्येक खोबणीच्या कडेला बारीक खाचा. पहिलीला एक. दुसरीला दोन. तिसरीला तीन.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

उंदीर नव्हते ते. मुठीवरच्या खाचा आणि भिंतीवरच्या खाचा एकच होत्या. हातात काय आहे हे मूठ सांगायची, आणि ते कुठे ठेवायचं हे भिंत सांगायची. आणि तो माझ्या खांद्यावरून बघायचा. अरे देवा! मीही तर आता तसाच बघतो. डॉक्टरणीने मला तेच शिकवलं होतं, मधलं दिसत नाही, तर मान थोडी वळवून कडेने बघा.

"सापडली?" मागून साइमाचा आवाज आला.

"साइमा... ओन्नीला दिसत नव्हतं?"

"कडेकडेनं दिसायचं. मधलं गेलं होतं. चौदा वर्षं झाली."

चौदा वर्षं! आमच्या खुर्च्या त्यातल्या. चर्चचा नवा दरवाजा, ज्याच्यावर कोरलेल्या पाकळ्यांवरून सगळं गाव जाता-येता हात फिरवतं, तो त्यातला. तिथे पालथ्या घातलेल्या बादलीवर मी मटकन बसलो. एवढं मोठं काहीतरी माझ्या शेजारच्या घरात चाललं होतं आणि मी त्याला पाळणा म्हणून हसलो होतो.

"कुणालाच नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? काम काढून घेतलं असतं आणि पाव आणून दिला असता. पावावर माणूस जगतो रे, सुतार नाही जगत."

ती जवळ आली आणि भिंतीला टेकली.

"तुझं त्याला कळलं होतं," ती म्हणाली. "ख्रिसमसला येऊन गेलास ना, त्या दिवशी म्हणाला, 'साइमा, आर्वोचा आवाज पूर्वी सरळ माझ्या तोंडावर यायचा. आता कानावरून जातो. त्याचेही डोळे चालले.' मला म्हणाला, हत्यारं त्याला दे, भिंतीसकट. पण मागितल्याशिवाय देऊ नकोस."

"का?"

"न मागता दिलं तर ती कीव होते, म्हणाला."

ओन्नी आणि मी एकमेकांच्या कानांशी बोलत बसलो होतो, आणि त्याला माझं कळलं, मला त्याचं नाही.

"साइमा," मी शेवटी म्हणालो, "मी मुठी घासल्या. सगळ्या खाचा घालवल्या. मला वाटलं, उंदराने कुरतडल्यात."

ती इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. डोळे पुसत म्हणाली, "लोकांनी ओन्नीला शिष्ट म्हटलं, चिक्कू म्हटलं. उंदीर पहिल्यांदा तूच म्हणालास!"

भिंत त्याच संध्याकाळी सोडवली. लेम्पीने पिकअप दाराला लावली, मी स्क्रू काढले, साइमाने फळ्या क्रमाने हातात दिल्या. घरी आल्यावर पांढरा पत्रा उतरवला आणि भिंत उभी केली. मग पटाश्या घेतल्या. जी ज्या खोबणीत बसेल ती तिची, दुसरीत ती बसतच नव्हती. भिंतीवरच्या खाचा बोटाने मोजायच्या आणि चाकूने तेवढ्याच खाचा मुठीवर पाडायच्या. एकीला एक. दुसरीला दोन. माझ्या सुतारकामाची सुरुवात ही अशी झाली, दुसऱ्याच्या खाचा परत करण्याने.

शेवटची मूठ झाली. मी डोळे मिटले. म्हटलं, तीन खाचांची. हात सोडला.

ती हातात होती.

परत ठेवली. पुन्हा घेतली. करवत घेतली, रंधा घेतला, ठेवला, सगळं जिथल्या तिथे. मेलेल्या माणसाने माझा हात धरून मला त्याच्या गॅरेजभर फिरवलं, असं वाटलं मला. मी मोठ्याने हसलो असणार, कारण लेम्पी धावत आली.

"काय झालं? आणि हे काय, डोळे मिटून कसला चाळा?"

मी होडीची पहिली फळी टेबलावर घेतली, टोकाशी खूण चाचपली आणि भिंतीकडे न बघता दोन खाचांची पटाशी उचलली. लेम्पीने ते पाहिलं. पुढे येऊन तिने मुठीवरच्या खाचांवरून बोट फिरवलं.

मग हळूच म्हणाली, "अंधार पडतोय, आर्वो. दिवा लावू?"

"लाव," मी म्हणालो. "तुला बघायचं असेल तर."