दिघोरीच्या बोडीचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुनी बोडी आहे. धानाच्या शेताच्या वरच्या अंगाला पावसाचं पाणी अडवून ठेवणारं लहानसं तळं, त्याला आमच्या भंडारा जिल्ह्यात बोडी म्हणतात. दिघोरीच्या शिवारात, लक्ष्मणरावांच्या शेतात मी आहे. वय झालं तरी तब्येत बरी आहे. स्वभाव मात्र चिडका झाला आहे, आणि तो माणसांनी केला आहे.

माझी पाळ, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, लक्ष्मणरावांच्या वडिलांनी बांधली. त्यांनी पाळीच्या जागी मधोमध खोल चर खणला, त्यात काळी चिकण माती थराथराने घातली आणि प्रत्येक थर भिजवून त्यावर म्हशी फिरवल्या. खुरांखाली ती माती अशी दाबली गेली की पाणी आरपार जाईना. दर उन्हाळ्यात माझा गाळ शेतात पसरला जाई आणि पाळीतली खेकड्यांची बिळं बुजवली जात. बिळाचं नुसतं तोंड बुजवून भागत नाही. ते शेवटपर्यंत उकरायचं, मग चिकण माती आणि धानाचं तणस एकत्र तुडवून आत ठासायचं. लक्ष्मणराव हे सगळं वडिलांकडून शिकले. म्हणूनच आजूबाजूच्या बोड्या हिवाळ्यात आटल्या तरी माझ्यात उन्हाळ्यापर्यंत मासे असत.

पण लक्ष्मणराव हे कुणाला सांगत नसत. सख्ख्या भावाला, चंद्रकुमारलासुद्धा नाही! घरची विद्या बाहेर गेली की आपला मान गेला, असं त्यांना वाटे.

माझ्या वरच्या अंगाला संघपालची बोडी आहे. ती भरली की तिचं पाणी माझ्यात येतं. संघपालचे वडील तो लहान असतानाच वारले, त्यामुळे त्याला शिकवणारं घरात कुणी नव्हतं. भंडाऱ्याची दुकानातली नोकरी सोडून तो शेती करू लागला, तेव्हा माझ्या पाळीवर येऊन त्याने सरळ विचारलं, "काका, माझी बोडी दिवाळीलेच कोरडी पडते. तुमची काहून नाही आटत? मले सांगा ना."

"काही नाही रे, देवाची कृपा," लक्ष्मणराव म्हणाले.

देवाची कृपा! मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडले असते. अहो, वरची पाळ कच्ची राहिली तर मार कुणाला बसेल? मलाच ना!

बिचाऱ्या संघपालने मग आपल्या मनाने पाळीवर मुरूम टाकला. वरून पाळ छान दिसू लागली. आत खेकड्यांची बिळं तशीच होती.

ऑगस्टमध्ये सलग पाऊस लागला. लक्ष्मणरावांची रोवणी, म्हणजे धानाची लावणी, नुकतीच आटोपली होती. भर दुपारी वरची पाळ फुटली आणि सगळं पाणी मुरूम घेऊन माझ्यावर कोसळलं. मी जीव तोडून धरून ठेवलं, पण माझाही एक कोपरा वाहून गेला. खालचा कोवळा धान गाळाखाली गाडला गेला.

लक्ष्मणरावांच्या पत्नी कलाबाई चिखलात उभ्या राहून सासऱ्यांचा दाखला देत कडाडल्या, "आता ठेवा तुमची विद्या पेटीत घालून! मामाजीनं काय आईच्या पोटातून शिकून आणली होती? त्यायलेही कोनीतरी सांगितलंच असन ना!"

 पुढच्या उन्हाळ्यात लक्ष्मणराव माझा फुटका कोपरा बांधू लागले. वर संघपालही आपली पाळ बांधत होता. सुक्या मातीवरून तो ट्रॅक्टर फिरवत होता. लक्ष्मणराव बघत होते, तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"अरे, काय करून राहिला! आधी भिजव ते! सुकी माती कधी बसते काय?"

संघपालने ट्रॅक्टर थांबवला. "मंग दाखवा ना, काका."

लक्ष्मणराव धोतर खोचून वर गेले आणि चिखलात उतरले. चिकण माती कशी ओळखायची, हे त्यांनी संघपालच्या हातात गोळा देऊन दाखवलं. कलाबाई तणस घेऊन आल्या. चंद्रकुमारही आला, आणि त्याला कुणी परत पाठवलं नाही.

मागच्या पावसाळ्यात दोन्ही पाळी टिकल्या. होळीला संघपालच्या बोडीत पाणी होतं, आणि झिरपत झिरपत खालच्या विहिरींनाही ते पोहोचलं. आता आंधळगावहूनसुद्धा लोक विचारायला येतात. लक्ष्मणराव एवढं बोलतात की कलाबाईंना त्यांना जेवायला ओढून न्यावं लागतं.

तरी माझा राग गेलेला नाही. चार वाक्यं सांगायला पाळ फुटावी लागते का? मित्रांनो, पाणी राखायची रीत ठाऊक असेल तर ती मागणाऱ्याला लगेच सांगा, आणि ठाऊक नसेल तर विचारताना लाजू नका. म्हातारी माणसं कायमची बसून राहत नाहीत.

बरं, निघा आता. आणि ती मोटारसायकल पाळीवरून नेऊ नका. खाली रस्ता आहे ना!