शेजारच्या सीटवरचे तास

"सहा हजार दोनशे तास," नोंदवहीची पानं उलटत कॅप्टन म्हणाला. "यातले किती तास विमान तुमच्या स्वतःच्या हातात होतं?"

मास्तरांनी समोर पाहिलं. टेबलापलीकडे विमान कंपनीचा कॅप्टन आणि भरती विभागाच्या बाई, दोघंही त्यांच्याहून लहान. सत्तावीस वर्षं मास्तर फ्लाइंग क्लबात शिकाऊ वैमानिकांच्या शेजारी बसत आले होते. हात मांडीवर, पाय पेडलांपासून बोटभर दूर, नजर शिकणाऱ्याच्या मनगटावर. नियमाप्रमाणे ते सारे तास शिक्षकाच्याही नावावर चढत. खोदून कुणी विचारत नसे.

"हजार-बाराशे असतील," ते म्हणाले. "बाकीचे विद्यार्थ्यांचे."

बाईंनी कागदांतून मान वर केली.

कॅप्टननं मग नरमाईनं समजावलं. मोठ्या विमानावर सुरुवात अगदी तळापासून करावी लागेल. मास्तर बावन्न वर्षांचे. तयार होईतो चौपन्न, आणि पासष्टीला घरी. शिवाय हुकूम सोडणारा कॅप्टन कदाचित तिशीतला असेल. चालेल का ते?

"लहानांच्या शेजारी बसण्यातच माझा जन्म गेलाय, साहेब."

कॅप्टन हसला. पण वही त्यानं मिटली होती.

पंचविशीत पहिला अर्ज केला तेव्हा मास्तरांना अनुभव कमी पडला होता. तो जमवायला म्हणून ते क्लबात शिकवायला लागले, दोन वर्षांपुरते. मग वडील अंथरुणाला खिळले, भरती थांबली, लेक झाली. पुढे भरती निघाली तेव्हा वयाची अट आडवी आली. यंदा ती अट उठल्याचं लेकीनंच वाचलं आणि मागे लागून अर्ज भरून घेतला.

आठवड्यानं नकाराचं पत्र आलं. बायकोनं ते वाचून चष्मा काढला. "दात होते तेव्हा चणे नव्हते," एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी जेवणाची पानं मास्तरांनीच घेतली. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "तो आकडा सांगायला नको होता का गं?"

"न सांगणं तुम्हाला जमलं नसतं," ती म्हणाली आणि त्यांच्या पानात वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे शिकायला येणारी एक नर्स होती, चाळिशी ओलांडलेली. तिनं लागोपाठ तीनदा विमान उतरवलं. तिसऱ्यांदा चाकं कधी टेकली ते मास्तरांनाही कळलं नाही. त्यांनी विमान धावपट्टीच्या कडेला थांबवायला सांगितलं आणि आपला पट्टा सोडला.

ती घाबरली. "आज नको ना, मास्तर. अजून थोडा अनुभव येऊ दे. माझं काही कोवळं वय नाही."

"मी शेजारी असेपर्यंत तो यायचा नाही, बाई," मास्तर म्हणाले. "एक फेरी मारा. रोज मारता तशीच."

खाली उतरल्यावर त्यांनी रिकाम्या सीटचा पट्टा ओढून घट्ट बांधला, लोंबत राहून कंट्रोलच्या दांड्यात अडकू नये म्हणून. दार लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि गवतातून मागे चालत आले.

विमान धावपट्टीवर धावत सुटलं. एका माणसाचं ओझं कमी झालेलं ते विमान रोजच्या जागेच्या बरंच अलीकडे जमीन सोडून वर गेलं.