भोरड्या गेल्याची नोंद

विष्णुपंत मास्तरांनी आयुष्यात कधी खोटं लिहिलं नव्हतं, असं नाही. तपासणीचे साहेब यायच्या आठवड्यात शाळेचा हजेरीपट ते जरा सढळ हाताने भरत. पण पाखरांच्या वहीत मात्र अकरा वर्षांत त्यांनी एकही खोटं अक्षर काढलं नव्हतं.

पिंगळीच्या तळ्यावर कोणतं पाखरू कधी आलं, किती आली, कधी गेली, सगळं तिथीवार. सरकारी कागदावर निजामी महिने, टपालावर इंग्रजी तारीख आणि वहीत तिथी, असं तिन्हीकडे वावरूनही त्यांचा कधी एक दिवस चुकला नाही. गाव त्यांना ‘पाखरं मास्तर’ म्हणे. मास्तरांना ते लागे, आणि लागत नाही असं ते दाखवत.

मागल्या चैत्रात त्यांना तळ्याच्या गाळात दोन करकोचे दिसले. माणसाच्या छातीला लागतील एवढे उंच, अंगाने पांढरेशुभ्र, तोंड लाल. उडाले की पंखांची टोकं काळी. मुंबईचे एक साहेब दख्खनच्या पाखरांचं पुस्तक करत होते. मास्तरांनी त्यांना चार पानी पत्र धाडलं. दहा महिन्यांनी उत्तर आलं. हा करकोचा इतक्या दक्षिणेला कोणी पाहिलेला नाही, तुम्ही पांढरा ढोक पाहिला असावा. पुन्हा दिसलाच तर एक मारून, कातडं मीठ लावून पाठवा. मग पुस्तकात तुमच्या नावानिशी नोंद घेऊ.

ढोक! मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. ढोकाचा काळा पंख तो उभा असतानाही दिसतो, आणि ढोकाला ओरडता येत नाही, हे एव्हाना त्यांच्या बायकोलाही पाठ झालं होतं. आपलं कोणी खरं मानत नाही, हे दुःख मास्तरांना गावात होतंच; ते आता मुंबईहून तिकीट लावून घरी आलं.

आणि यंदा पाडवा झाला न झाला तोच ते दोघं पुन्हा उतरले. तीच जागा, तोच गाळ. मास्तरांना आनंदाने रडू आलं. मग डोळे पुसून ते आबासाहेब देशमुखांच्या वाड्यावर गेले, कारण गावात परवान्याची बंदूक त्यांच्याकडेच होती.

“खायला कसा लागतो?” आबासाहेबांनी विचारलं.

“खायचा नाही. पुस्तकात घालायचाय.”

“बरं, मास भाजीत अन् कातडं पुस्तकात,” आबासाहेब म्हणाले आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ ठरली.

करकोचे उतरत ती जागा कडूबाईच्या वावराला लागून होती. तळ्याचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात ती जवारी पेरी. पीक उशिराचं, म्हणून शिवारातल्या सगळ्या भोरड्या शेवटी तिच्याच कणसांवर येऊन पडत. भोरड्या म्हणजे गुलाबी पोटाच्या साळुंक्या. थवा बसला की दाणा म्हणून उरत नाही. नवरा गेल्यापासून कडूबाई एकटीच वावरातल्या लाकडी माळ्यावर उभी राहून गोफणीने त्या हाकलत असे. तिचा दगड जिथे पाडायचा तिथेच पडे.

मास्तरांनी संध्याकाळीच तिला सांगून ठेवलं, “कडूबाई, उद्या सकाळी गोफण चालवू नका. एक करकोचा मारायचाय.”

“काऊन?”

“मी पाहिला ते खरं ठरायला.”

“एकच?”

“एकच.”

“मंग दुसरा?”

साहेबांच्या पत्रात दुसऱ्याबद्दल काही नव्हतं. मास्तर म्हणाले, “तो जाईल उडून,” आणि घरी आले. पण तो प्रश्न काही त्यांना सोडेना.

सकाळी बाभळीच्या आड आबासाहेब बंदूक रोखून बसले. मास्तर शेजारी. करकोचे लव्हाळ्याचे गड्डे उकरत उकरत अगदी जवळ आले.

“सांगा, कोनता हाणू?” आबासाहेब कुजबुजले.

मास्तर पाहू लागले. डावीकडचा जरा थोराड होता. उजवीकडचा उकरलेला गड्डा बाजूला ठेवून डावीकडच्याची वाट पाहत होता. कातडं कोणाचंही चाललं असतं. मास्तरांनी पुन्हा डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे.

“मास्तर, बोला की!”

तेवढ्यात गोफण कडाडली. दगड दोघांच्या मधोमध चिखलात पडला. करकोचे ओरडत उठले, काळी टोकं उघडली, आणि आबासाहेबांचा बार आभाळात गेला. पाखरं तळ्यावर एक घिरटी घालून उत्तरेला निघाली.

आबासाहेब लाल होऊन माळ्याखाली गेले. “कडूबाई, डोकं फिरलं का तुजं? सांगितलं व्हतं न्हवं?”

“भोरड्या हाकलायलीय मालक,” कडूबाई वरूनच म्हणाली. “माजी जवारी खायलाल्यात. त्यास्नी काय सांगू, थांबा म्हनून?”

आबासाहेबांनी जवारीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. “तुमाला पाखरांतलं समजतंय. तुमीच सांगा. हायेत का भोरड्या?”

भोरड्या चार दिवसांपूर्वीच गेल्या होत्या. मास्तरांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं होतं: ‘भोरड्या गेल्या. शिवारात एकही नाही.’ माळ्यावर कडूबाई गोफण गुंडाळत होती. तिने मास्तरांकडे पाहिलंसुद्धा नाही.

“हायेत,” मास्तर म्हणाले. “लय हायेत.”

आबासाहेबांना ते पटलं. पण आपला बार फुकट गेल्याचं ते विसरले नाहीत. एक तरी पाडल्याशिवाय राहत नाही, असं ते सगळीकडे सांगू लागले, आणि दर आठवड्याला गडी पाठवून मास्तरांची वही मागवून, करकोचे उतरले का म्हणून नव्या नोंदी वाचून घेऊ लागले. मुंबईला मास्तरांनी पुन्हा पत्र घातलं नाही. पुस्तक निघालं, त्यात पिंगळीचं नाव नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, बरेच दिवस वाटलं.

पुढच्या चैत्रात एका सकाळी मास्तर शाळेकडे निघाले असताना माळ्यावरून हाक आली, “मास्तर, या हिकडं! तुमच्या भोरड्या आल्या!”

मास्तर धोतर सावरत चिखलातून धावले. करकोचे तीन होते. तिसरा मानेवर तांबूस, गेल्या हंगामाचं पिल्लू, आईच्या चोचीतला गड्डा ओढून घेत होता. मास्तर कडूबाईकडे पाहून हसले, आणि शाळेची घंटा होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

दुपारी त्यांनी वही उघडली. तिथी घातली. मग बारा वर्षांत पहिल्यांदा तिच्यात खोटं लिहिलं: ‘भोरड्या, तीन.’