दहाचा खड्डा

"काका, मध्येमध्ये बोलू नका हो! आधीच डोकं फिरलंय माझं."

संशोधक बाई खेकसल्या, तसे थाळीवाले काका प्रयोगशाळेच्या दारातच गप्प झाले. हातातल्या फडक्यातून पाणी ठिबकत होतं. सलग तिसऱ्या दिवशी त्यांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं होतं.

गच्चीवरची मोठी थाळी उपग्रहाचा संकेत पकडायची. हवेतून, पावसातून खाली येताना तो किती क्षीण होतो, ते बाईंचं नवं सॉफ्टवेअर रेघ काढून दाखवायचं. पाऊस आला की रेघेत खड्डा. पण आभाळ कोरडं ठणठणीत असतानाही रोज सकाळी दहाला एक खड्डा होताच. अहवाल संध्याकाळी द्यायचा होता आणि कारण काही सापडत नव्हतं.

"अख्खा प्रोग्राम पुन्हा लिहिला," बाई फोनवर डाफरत होत्या. "तरी दहा वाजले की ये रे माझ्या मागल्या!"

"अहो बाई, दहाला मी..."

"चहा नको, काका!"

काकांचं टाळकंच सरकलं. अकरा वर्षं थाळी सांभाळली, अन् किंमत चहावाल्याची! त्यांनी फडकं खिडकीत टाकलं आणि स्टुलावर ठिय्या मारला.

सव्वादहाला बाई ताडकन उठल्या. "आज खड्डा नाही!"

"पडेल कसा? फडकं इथं आहे ना! थाळीच्या मधल्या झाकणावर रोज दहाला ओलं फडकं मारतो मी. तीन दिवस तेच सांगतोय. भिंतीला सांगितलं असतं तर तिनं तरी ऐकलं असतं."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग त्यांना हसू फुटलं. "म्हणजे पाऊस तुम्हीच पाडत होतात! या, बघा तुमचे खड्डे." जुन्या नोंदी सरकवता सरकवता त्या थांबल्या. "मग दोन वर्षांपूर्वीचे हे चार दिवस? इथे एकही नाही."

काकांनी चष्मा चढवून तारीख वाचली. पन्नाशीनंतर त्यांना अक्षरओळख करून दिली ती बायकोने.

"हिचे दवाखान्यातले शेवटचे चार दिवस," ते म्हणाले. "पाचव्या दिवशी आलो कामावर."

बाईंनी आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "काका, खड्डे काढावे लागतील हो. सगळेच."

"काढा की. पाऊस थोडाच होता तो?"

बाईंनी बटण दाबलं. रेघ भरून सपाट झाली. ते चार दिवस आता बाकीच्या दिवसांसारखेच दिसत होते.

"यापुढे पुसायची वेळ लिहून ठेवत जा," बाई हळूच म्हणाल्या.

काकांनी वही ओढली, घड्याळ बघून एकेक अक्षर लावत वेळ लिहिली, आणि फडकं बादलीत बुडवून गच्चीचा जिना चढू लागले.