सोल चिकटवणाऱ्या मावशी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना एक्झॉस्ट फॅन आहे. छताचा पंखा गार वारा देतो म्हणून सगळ्यांचा लाडका. मी घाणेरडी हवा बाहेर ढकलतो, त्यामुळे माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. असो, रडगाणं गायला मी बसलेलो नाही.

चपला-बुटांच्या एका छोट्या कारखान्याच्या मालकांनी मला विकत आणलं आणि छताजवळच्या झरोक्यात बसवलं. पहिल्या दिवशी काय कौतुक झालं माझं! सगळ्यांचे डोळे चुरचुरायचे थांबले. सोल चिकटवणाऱ्या मावशी तर म्हणाल्या, की आज कुठे जीवात जीव आला.

मावशींचं काम असं, की बुटाच्या तळाला ब्रशने सोल्युशन लावायचं, ते जरा सुकलं की सोल दाबून बसवायचा. सोल्युशन पातळ राहावं म्हणून त्यात हेक्झेन नावाचं द्रावक घालतात. ते बघता बघता उडून जातं. पण जाणार कुठे? खोली बंद असली, तर थेट माणसांच्या नाकात.

माझी पंचाईत झाली ती इथेच. मी फिरू लागलो की सोल्युशन पटकन सुकायचं, डब्यावर साय धरायची. सोल नीट चिकटेनात, माल परत येऊ लागला, मालकांची बोलणी बसू लागली. शेवटी एक दिवस मावशींनीच उठून माझं बटण बंद केलं. त्यांचा राग नाही आला मला, कारण काम नीट व्हावं एवढंच त्यांच्या मनात होतं. पुढे ते बटण कुणी लावलंच नाही आणि कबुतराच्या जोडीने माझ्यात घरटं केलं.

ब्रश धुतलेलं द्रावक मागच्या गटारात ओतलं जायचं. गटाराकाठचं गवत करपलं. जवळच्या हातपंपाच्या पाण्याला वास येऊ लागला, तेव्हा लोक मुकाट्याने दुसरीकडून पाणी भरू लागले.

एका संध्याकाळी मावशी घरी निघाल्या आणि दारात हशा पिकला. त्यांच्या एका पायात चप्पलच नव्हती. ती टेबलाखालीच निसटली होती आणि मावशींना पत्ता नव्हता. वय झालं म्हणून त्याही हसल्या. मला काळीज असतं, तर त्यात चर्र झालं असतं.

मग त्या पायऱ्यांवर अडखळू लागल्या, हातातून ब्रश गळू लागला. लेक त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी आधी काम काय करता ते विचारलं. या द्रावकाच्या वाफेने हातापायांच्या नसा मरगळतात, म्हणाल्या. त्यापासून लांब राहायचं, हाच उपाय. गेलेली जाणीव परत येईल का, हे मात्र त्यांनाही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी लेक कारखान्यात आली. आवाज चढवला नाही तिने. "काका, पायाखाली जमीन आहे की नाही, हेसुद्धा आईला कळत नाही," ती म्हणाली. "तुमच्या पायांना मुंग्या येतात का?"

मालकांची नजर स्वतःच्या पायांकडे गेली. त्यांनाही येत होत्या.

कबुतराची पिल्लं तोवर उडून गेली होती, बरं झालं. मला उतरवून घासलं आणि टेबलाच्या उंचीवर भिंत फोडून बसवलं. ही वाफ हवेहून जड, खाली साचणारी. वर बसून मी निम्मंच काम करत होतो. आता सोल्युशन झाकणाच्या डब्यातून थोडं थोडं घेतात, म्हणून साय धरत नाही. उरलेलं द्रावक बंद पिंपात साठवून योग्य ठिकाणी पाठवतात.

मावशी घरीच होत्या. द्रावकापासून लांब गेल्यावरही सुरुवातीला पाय आणखी बिघडले; या वाफेचा त्रास असाच उशिरापर्यंत वाढत राहतो म्हणे. आम्ही सगळे बातमीची वाट बघायचो, आणि मला फार भीती वाटायची.

बऱ्याच महिन्यांनी लेकीचा हात धरून त्या आल्या. मालकांनी त्यांना खोकी भरायचं काम दिलं होतं, पलीकडच्या मोकळ्या खोलीत. जाता जाता त्या माझ्यासमोर बाकावर टेकल्या, अनवाणी पाय खाली सोडले आणि चटकन वर घेतले.

"फरशी गार आहे गं," त्या म्हणाल्या.

लेकीने त्यांचे पाय हातात धरले आणि ती रडायलाच लागली. मालक तोंड फिरवून उभे राहिले.

मित्रांनो, रंग, थिनर, सोल्युशन यांचं काम चालेल तिथे खिडक्या उघडा आणि आम्हाला चालू ठेवा. आम्ही फार घरघर करतो, मान्य आहे. पण गार फरशी पायाला गार लागणं केवढं सुख असतं, ते एकदा मावशींना विचारून बघा.