मयताच्या मेजवानीत वाटलेल्या कविता

नायजेरियातल्या इबादान शहरात कवितांचं पुस्तक छापणं सोपं, ते खपवणं महाकठीण. मोकोला भागातल्या दुरोतिमीच्या चिमुकल्या प्रकाशनाच्या मागच्या खोलीत अवेरोबाईंच्या योरुबा कवितांचे गठ्ठे छताला टेकले होते, आणि घरमालकाला आता तिथे बर्फातल्या मासळीचं दुकान थाटायचं होतं. महिनाअखेर खोली रिकामी करायची होती. मासळी खपते, त्याला तो बिचारा काय करणार!

अवेरोबाई निवृत्त शिक्षिका. अर्ध्या शहराला त्यांनीच अक्षरओळख करून दिलेली. जीभ तिखट, कविता मात्र मऊ. डोक्याला निळं 'गेले', म्हणजे तिकडच्या बायकांचं भरजरी फडकं, बांधलेला त्यांचा फोटो दुरोतिमीने हट्टाने मुखपृष्ठावर टाकला होता आणि वर शब्दही दिला होता, "बाई, यातलं एक पान शेंगदाण्याच्या पुडीला जाणार नाही." आता तोच शब्द त्याच्या मानगुटीवर बसला होता. कोपऱ्यावरची शेंगदाणेवाली रोज गठ्ठ्यांकडे बघून गोड हसायची.

त्याने प्रयत्न कमी केले नाहीत. शाळा म्हणाली कपाट नाही. चर्चच्या मंडळींनी तिसऱ्याच कवितेत एक चुंबन शोधून काढलं. न्हाव्याने मात्र आनंदाने प्रती घेतल्या आणि लहान मुलांच्या बुडाखाली खुर्ची उंच करायला ठेवल्या. त्या दुरोतिमी भांडून परत घेऊन आला.

अशात त्याच्या थोरल्या बहिणीची, रेमिलेकुनची, सासू गेली. नव्वदी ओलांडलेली बाई. इतकं आयुष्य भोगून माणूस गेलं की तिकडे रडतात थोडं आणि नाचतात फार. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला काहीतरी भेटवस्तूही द्यावी लागते. रेमिलेकुनने प्लास्टिकचे टब मागवले होते, पण ते घेऊन येणारा ट्रक लागोसच्या रस्त्यावर बंद पडला.

"दुरो, तुझी पुस्तकं पडून आहेत ना?" तिने फोनवरच फर्मान सोडलं.

"आहेत. पण ताई, त्या कविता आहेत."

"असेनात का. पाहुणे रिकाम्या हाताने गेले तर माझ्या जावा मला जन्मभर टोमणे मारतील. टबांवर लावायच्या चिठ्ठ्या छापून आल्यात, त्याच चिकटवू. आण लवकर."

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'आमच्या लाडक्या आईच्या स्मरणार्थ'. दुरोतिमी आणि त्याच्या भाच्यांनी ती प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर फोटोच्या बरोबर खाली चिकटवली, कारण मोकळी जागा तिथेच होती. त्या गडबडीत कुणाच्या डोक्यात काही आलं नाही.

मेजवानीला माणसं मावेनात. अशा ठिकाणी निम्म्या पाहुण्यांनी गेलेल्या माणसाला कधी पाहिलेलंच नसतं. कुठल्यातरी मुलाने बोलावलं, सगळ्यांबरोबर एकाच कापडाचे कपडे शिवले, आले, जोलोफ भात आणि मटण चापलं, नाचले. जाताना हातात पडणाऱ्या वस्तूवरचा फोटो, तेवढीच काय ती ओळख. दुरोतिमी दाराशी उभा राहून पुस्तकं वाटत होता. काही जण मुखपृष्ठ बघून हळहळत होते, एकीने तर डोळ्यांना अंगावरच्या कापडाचं टोक लावलं. त्याला वाटलं, कविता पोचतेय. तो फार खूश झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीचा फोन आला. "दुरो, तुझ्या अवेरोबाई गेल्या म्हणे."

"काय सांगतेस? कधी?"

"काल. माझ्या मांडवात. अरे, गावभर बोंब झालीय! माझी सासू राहिली बाजूला, लोक मला विचारतायत, अवेरोबाई तुझ्या सासूबाई होत्या हे कधी बोलली कशी नाहीस?"

दुरोतिमी तसाच बाईंच्या घराकडे धावला. अंगणात ही गर्दी. बाईंचे जुने विद्यार्थी, पिकल्या केसांचे, पोटं सुटलेले, प्रत्येकाच्या हातात तेच पुस्तक. बँकेतला एक लठ्ठ साहेब डोळे पुसत कविता वाचत होता आणि धृपद आलं की बाजारातल्या बायका सुरात सूर मिसळत होत्या.

तो मागच्या दाराने आत शिरला. अवेरोबाई स्वयंपाकघराच्या पडद्याआड स्टुलावर बसल्या होत्या, अगदी ठणठणीत.

"बाई, माझं चुकलं. मी आत्ता बाहेर जाऊन सांगतो की..."

"गप बस, गाढवा. आईच्या पाटा-वरवंट्याची कविता चाललीय. दुसऱ्याच्या तोंडून मी ती पहिल्यांदा ऐकतेय."

त्यांचे डोळे भरले होते. ते बघून दुरोतिमीलाही भरून आलं.

"तुम्ही सकाळपासून इथेच बसून आहात?"

"मग काय, बाहेर जाऊन वाचन बंद पाडू? आणि तो साहेब आहे ना, त्याला रडू दे थोडं. वर्गात फार छळलंय मला त्याने."

कविता संपली तशा बाई उठल्या, डोक्यावरचं 'गेले' नीट केलं आणि अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. दोन खुर्च्या उलटल्या. एक बाई किंचाळत फाटकापर्यंत पळाली. मग कुणीतरी हसलं, आणि सगळं अंगण हसत, रडत, नाचत सुटलं. बाईंनी वर्गात करायच्या तसा हात वर केला.

"मी मेलेली नाही. म्हणजे ही भेट तुम्हाला चुकून मिळाली," त्या करड्या आवाजात म्हणाल्या. "प्रकाशक इथेच उभा आहे. पुस्तकं त्याला परत करा."

सगळे गठ्ठे पुन्हा दुरोतिमीच्याच गळ्यात! पण बाईंचा शब्द मोडायची त्याची काय टाप? त्याने निमूट दोन्ही हात पुढे केले.

कुणी जागचं हललं नाही. साहेबाने पुस्तक हळूच सदऱ्याच्या आत सरकवलं. बाजारातल्या एका बाईने ते कमरेच्या कापडात खोचून वर घट्ट गाठ मारली.

"बाई, तुम्ही खूप जगा," ती म्हणाली, "पण पुस्तक मागू नका."

"माझ्या बायकोचं वाचून व्हायचंय अजून," मागून कुणीतरी पुटपुटलं.

बाईंनी गृहपाठ तपासल्यासारखं एकेकाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग त्या दुरोतिमीकडे वळल्या.

"हात खाली घे रे," त्या म्हणाल्या. "कुणी देत नाहीये."